गॅलरीतला माणूस आणि कराचा हिशोब

खेळात राजकारण आणू नका आणि करांचे प्रश्न जाणकारांवर सोपवा, असे दोन उपदेश सामान्य माणसाला सतत केले जातात. हे दोन्ही उपदेश बहुधा एकाच तोंडातून येतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ज्यांच्या हाती मैदान आहे, क्लब आहे, दूरचित्रवाणीचे हक्क आहेत आणि ज्यांची सरकारदरबारी ऊठबस आहे, त्यांची सामान्य माणसाकडून अपेक्षा एवढीच असते की त्याने तिकीट काढावे, टाळ्या वाजवाव्यात, कर भरावा आणि घरी जावे. त्याने हिशोब विचारला की लगेच 'तुला यातले काय कळते?' असे दरडावले जाते. हे दरडावणे आमच्या वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे.

आज आम्ही ज्या माणसाबद्दल लिहीत आहोत तो ब्रिटनमधला फुटबॉलचा साधा प्रेक्षक आहे. तो गोदीत, कारखान्यात, गोदामात, रुग्णालयात किंवा बसच्या चाकावर आठवडाभर राबतो आणि शनिवारी दुपारी आपल्या क्लबचा सामना पाहायला जातो. मध्यंतरात हातात चहाचा कप घेऊन शेजारच्याशी गप्पा मारतो. पंचाने पेनल्टी का दिली नाही, इथून गप्पा सुरू होतात आणि पाहता पाहता खेळाडूच्या पगारावर, क्लबच्या मालकावर, सरकारवर आणि करावर येतात. 'माझ्या पगारातून कर आधीच कापून घेतात, याच्याकडून का नाही घेत?' हा त्या गप्पांचा नेहमीचा सूर असतो.

हा माणूस अर्थशास्त्र शिकलेला नसतो. त्याची मते मोघम असतात आणि कधी कधी चुकीचीही असतात. पण ती हवेतून आलेली नसतात. ब्रिटनमध्ये १९४४ पासून नोकरदाराचा आयकर पगार हातात पडण्यापूर्वीच कापला जातो. सामन्याच्या तिकिटावर तो पुन्हा २० टक्के मूल्यवर्धित कर भरतो. म्हणजे कर टाळणे हा विषय त्याच्या आयुष्यात येतच नाही. टाळण्याची सोयच त्याला ठेवलेली नाही. कर कोण भरतो आणि कोण सुटतो, हा प्रश्न त्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणून त्याच्या बोलण्याकडे आम्ही गंभीरपणे पाहतो आणि घडलेल्या घटनांच्या कसोटीवर ते घासून पाहू इच्छितो.

डोई मोजून कर, डोई मोजून ओळखपत्र

१९८९ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्कॉटलंडमध्ये आणि १९९० साली इंग्लंड व वेल्समध्ये एक नवा स्थानिक कर लागू केला. त्याचे सरकारी नाव 'कम्युनिटी चार्ज' होते, पण लोकांनी त्याला 'पोल टॅक्स' म्हणजे डोईपट्टी हेच नाव दिले. एका परिसरातील प्रत्येक प्रौढ माणसाने सारखीच रक्कम भरायची, असे त्याचे तत्त्व होते. अतिगरिबांना थोडी सूट होती, पण वाड्यात राहणारा सरदार आणि दोन खोल्यांत राहणारा सफाई कामगार यांचे बिल एकच. समानतेच्या नावाखाली केलेली ही विषमता होती.

हाच विचार आपल्याकडे कोणी किती आधी मांडला होता, हे वाचकांना आठवत असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा त्यांनी शेतसारा आणि आयकर यांची तुलना केली. ज्याचे उत्पन्न नाही त्याला आयकर लागत नाही. शेतकऱ्याला मात्र पिको वा न पिको, सारा द्यावाच लागतो, हा भेदभाव त्यांनी सरकारपुढे ठेवला. लंडनमध्ये राहून सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास केलेल्या माणसाचे ते बोलणे होते. माणसाची ऐपत न पाहता बसवलेला कर अन्यायाचा असतो, हे सूत्र तेव्हा कुलाबा-ठाण्याच्या शेतकऱ्याला जितके लागू होते तितकेच पुढे ग्लासगो आणि लिव्हरपूलच्या कामगारालाही लागू झाले.

ज्या सरकारने डोईपट्टी आणली, त्याच सरकारने १९८९ साली फुटबॉल प्रेक्षकांसाठी सक्तीच्या ओळखपत्राचा कायदा केला. मैदानात जायचे तर आधी नोंदणी करा आणि ओळखपत्र दाखवा, अशी योजना होती. म्हणजे कर वसूल करताना हा माणूस एक डोके आणि सामना पाहताना संशयित. त्याच वर्षी १५ एप्रिलला शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचे बळी गेले. उपचारानंतर अनेक वर्षांनी दगावलेल्यांसह हा आकडा आज ९७ आहे. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी दोष मृतांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर टाकला. ते दारू प्यालेले होते, दंगेखोर होते, असे सांगितले. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मुख्य कारण पोलिसांचे सुटलेले नियंत्रण हेच ठरवले आणि १९९० साली ओळखपत्राची योजनाही गुंडाळली गेली. पण मृतांवरचा कलंक कायदेशीर रीतीने पूर्ण पुसला जायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नव्याने झालेल्या मृत्युचौकशीत ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा घडवलेले होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता, असा निर्णय दिला. २७ वर्षे आया आणि भाऊबहिणी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या.

डोईपट्टीचे काय झाले? लाखो लोकांनी ती भरायला नकार दिला. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात प्रचंड निदर्शने झाली आणि त्यांचे रूपांतर दंगलीत झाले. नोव्हेंबरमध्ये थॅचर यांना पद सोडावे लागले आणि त्यामागे हा कर एक मोठे कारण होते. १९९३ मध्ये तो कर गेला आणि घराच्या किमतीवर आधारित नवा कर आला. तेव्हा सामान्य माणसाला करातले कळत नाही, हे म्हणणे खरे नाही. त्याला पुरेसे कळते. फक्त ते त्याच्या भाषेत कळते.

कर्ज म्हणा, पगार म्हणू नका

दुसरे उदाहरण कायद्याच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे, म्हणून त्यावर आम्ही जरा थांबतो. ग्लासगोचा रेंजर्स हा स्कॉटलंडमधला एक बलाढ्य क्लब. २००१ ते २०१० या काळात या क्लबाने खेळाडू आणि अधिकाऱ्यांना पैसे देण्याची एक वेगळी वाट वापरली. क्लब एका न्यासात म्हणजे ट्रस्टमध्ये पैसे टाकी. तो न्यास त्या खेळाडूच्या कुटुंबाच्या नावे उपन्यास करी आणि त्यातून खेळाडूला 'कर्ज' देई. कर्ज हे उत्पन्न नसते, म्हणून त्यावर आयकर नाही. आणि हे कर्ज प्रत्यक्षात कधी कोणी परत मागणार नव्हते! कागदावर सगळे चोख होते. नावे बदलली की वस्तू बदलते, असा हा युक्तिवाद होता.

पहिल्या न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये बहुमताने क्लबच्या बाजूने निर्णय दिला. पुढे २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला आणि ५ जुलै २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. कामाच्या मोबदल्यात दिलेला पैसा तिसऱ्याच्या हाती सोपवला तरी तो मोबदलाच राहतो आणि त्यावर कर लागतो, असे न्यायालय म्हणाले. गॅलरीतला माणूस पहिल्या दिवसापासून जे म्हणत होता, तेच सर्वोच्च न्यायालयाला सांगायला सात वर्षे लागली असे म्हटले, तर आमच्या वकील मित्रांनी रागावू नये.

निकाल येईपर्यंत क्लबचे दिवाळे वाजलेले होते. २०११ मध्ये क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाच्या काळात कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर आणि तिकिटांवर घेतलेला मूल्यवर्धित करही सरकारी तिजोरीत भरला गेला नाही. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, जूनमध्ये कर खात्याने तडजोडीचा प्रस्ताव नाकारला आणि जुनी कंपनी अवसायनात निघाली.

येथे स्कॉटलंडच्या प्रेक्षकांनी जे केले ते महत्त्वाचे आहे. रेंजर्सच्या नव्या कंपनीला सरळ वरच्या श्रेणीत घ्यावे, नाहीतर दूरचित्रवाणीचा पैसा जाईल आणि स्कॉटिश फुटबॉल कोसळेल, असे इशारे पदाधिकारी देत होते. पण इतर क्लबांच्या प्रेक्षकांनी आपापल्या क्लबला ठणकावून सांगितले की कर बुडवणाऱ्याला मागच्या दाराने आत घ्याल तर आम्ही पुढच्या हंगामाचे तिकीट काढणार नाही. लहान लहान क्लब, ज्यांचे पोट या तिकिटांवर आणि रेंजर्सच्या सामन्यांच्या गर्दीवरच भरते, त्यांनाही हे ऐकावे लागले. ४ जुलै २०१२ रोजी वरच्या श्रेणीतील दहा क्लबांनी विरोधात मत दिले. नंतर खालच्या श्रेणींच्या तीस क्लबांपैकी पंचवीस क्लबांनी रेंजर्सला सर्वांत खालच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीतून सुरुवात करायला लावणारा निर्णय घेतला. कर टाळणे हा 'तांत्रिक' विषय आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना हे उत्तर होते. जो क्लब कर न भरता महागडे खेळाडू घेतो आणि करंडक जिंकतो, तो कर भरणाऱ्या क्लबांना मैदानावरही फसवत असतो, हे साधे गणित प्रेक्षकांनी मांडले.

पण याच प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. चौथ्या श्रेणीतल्या रेंजर्सच्या पहिल्या घरच्या सामन्याला ४९,११८ प्रेक्षक आले. त्या श्रेणीचा तो विक्रम ठरला. निष्ठा म्हणून हे विलक्षण आहे. पण त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी कर खाते, इतर क्लब आणि वृत्तपत्रे हेच खलनायक होते. दुसऱ्याच्या क्लबने कर बुडवला की ती चोरी आणि आपल्याने बुडवला की तो आपल्यावरचा हल्ला, ही मनाची ठेवण फक्त ग्लासगोत आहे असे वाचकांनी समजू नये.

इंग्लंडमध्ये तर नियमच उलटा आहे. तेथील क्लब दिवाळखोरीत गेला की खेळाडू आणि दुसरे क्लब यांची देणी आधी पूर्ण चुकती करावी लागतात, नाहीतर स्पर्धेतली जागा जाते. बाकीच्या धनकोंनी उरलेल्या तुकड्यांवर समाधान मानायचे. २०१० मध्ये पोर्ट्समथ क्लबवर ही पाळी आली, तेव्हा इतर धनकोंना पौंडामागे वीस पेन्स देऊ करण्यात आले. या धनकोंमध्ये कर खाते तर होतेच, पण स्थानिक छोटे व्यावसायिक आणि मैदानावर जखमींना प्रथमोपचार देणारी स्वयंसेवी संस्थाही होती. कोट्यधीशाला पूर्ण पैसे आणि मलमपट्टी करणाऱ्याला पाचवा हिस्सा! कर खात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले आणि २०१२ मध्ये ते हरले. दिवाळखोरीत सरकारच्या कराला मिळणारे प्राधान्य २००३ मध्ये काढून टाकले होते. ते अंशतः परत यायला डिसेंबर २०२० उजाडला. कायदा कोणाला रांगेत पुढे उभा करतो आणि कोणाला मागे, यातून त्या समाजाची किंमत मोजण्याची रीत कळते.

नायकाला सूट, मालकाचा 'संप'

ब्रिटनच्या शेजारी स्पेन आणि फ्रान्समध्ये हीच चर्चा वेगळ्या वळणाने गेली. स्पेनने २००५ मध्ये परदेशातून कामासाठी येणाऱ्यांना सहा वर्षे सरसकट २४ टक्के दराने कर भरण्याची सवलत दिली. स्थानिक श्रीमंताला तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक दर होता. रिअल माद्रिद क्लबमध्ये आलेला इंग्रज खेळाडू डेव्हिड बेकहॅम याच्या नावाने हा कायदा ओळखला जाऊ लागला, यातच सगळे आले. २०१० पासून मोठ्या उत्पन्नाला ही सवलत बंद झाली आणि २०१५ पासून व्यावसायिक खेळाडूंना त्यातून वगळले. दहा वर्षे मात्र स्पेनमधल्या परिचारिकेने आणि शिक्षकाने या नायकांच्या सवलतीचा भार वाहिला.

लिओनेल मेस्सी हा या पिढीचा सर्वांत लाडका खेळाडू. प्रतिमेच्या हक्कांतून आलेल्या उत्पन्नावरचा ४१ लाख युरोंचा कर चुकवल्याबद्दल जुलै २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या न्यायालयाने त्याला आणि त्याच्या वडिलांना प्रत्येकी २१ महिन्यांची शिक्षा सुनावली. आपण फक्त फुटबॉल खेळत होतो, व्यवहार वडील पाहत होते, असा त्याचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याची शिक्षा कायम केली, पण ती दंडात बदलली गेली आणि तुरुंगाचे दार काही त्याने पाहिले नाही. शिक्षा झाली तेव्हा त्याच्या क्लबने 'आपण सगळेच मेस्सी' अशा अर्थाची मोहीम काढली आणि चाहत्यांना दोन्ही तळहात उघडे दाखवून छायाचित्रे काढायला सांगितले. आपण सगळेच मेस्सी कसे? चाहत्याचा कर तर पगारातूनच कापलेला होता. क्रिस्तियानो रोनाल्डोनेही जानेवारी २०१९ मध्ये माद्रिदच्या न्यायालयात गुन्हा मान्य करून सुमारे १ कोटी ८८ लाख युरो भरण्याचे आणि २३ महिन्यांची स्थगित शिक्षा घेण्याचे कबूल केले. बाहेर चाहते सहीसाठी उभे होते. आम्ही या दोघांच्या खेळावर बोलत नाही. तो निर्विवाद आहे. आम्ही बोलत आहोत ते भक्तीवर. ज्याची पूजा करायची त्याचा हिशोब मागायचा नाही, ही सवय मैदानात लागली की ती मतदान केंद्रापर्यंत जाते.

फ्रान्सची गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. २०१२ च्या निवडणुकीत फ्रान्स्वा ओलांद यांनी १० लाख युरोंहून अधिक उत्पन्नावर ७५ टक्के कर लावण्याचे वचन दिले होते. संविधान परिषदेने डिसेंबर २०१२ मध्ये तो करभाराच्या समानतेच्या मुद्द्यावर रद्द केला, तेव्हा सरकारने तो नोकरी देणाऱ्या कंपन्यांवर टाकला. त्यात फुटबॉल क्लबही आले. मग काय झाले? क्लबांच्या संघटनेने नोव्हेंबर २०१३ च्या अखेरीस सामने बंद ठेवण्याची घोषणा केली. संप हे ज्याच्याकडे श्रमाखेरीज काही नाही त्याचे हत्यार. येथे मालकच संपावर निघाले होते आणि त्यांच्यातला सर्वांत मोठा क्लब कतारच्या राजसत्तेच्या पैशावर चाललेला होता! सरकारने सूट नाकारली, क्लबांनी 'संप' मागे घेतला आणि कर दोन वर्षे लागू राहून संपला. खेळाडू देश सोडून जातील, ही भीती मात्र सगळीकडे घातली गेली. श्रीमंतांवर कर लावायचा विचार निघाला की 'ते निघून जातील' हे वाक्य येतेच. गरीब निघून जाईल, अशी भीती कोणत्याच सरकारला वाटत नाही.

राग कोणावर काढायचा?

आता गॅलरीतल्या माणसाच्या दुसऱ्या मताकडे वळू. खेळाडूंना एवढा पगार कशाला, हा त्याचा कायमचा राग. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी नेमका हाच राग वापरला. प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगारकपात घेऊन आपला वाटा उचलावा, असे ते जाहीरपणे म्हणाले. बँकांच्या बड्या अधिकाऱ्यांना किंवा क्लबांच्या अब्जाधीश मालकांना उद्देशून ते बोलले नाहीत. खेळाडूंची संघटना मात्र करावर बोलली. वर्षभर ३० टक्के कपात केली तर पगार ५० कोटी पौंडांहून अधिक कमी होतील आणि सरकारचा २० कोटी पौंडांहून अधिक कर बुडेल. तो पैसा सरकारी आरोग्यसेवेलाच लागतो, मालकांच्या खिशात तो कशासाठी ठेवायचा, असा त्यांचा प्रश्न होता. नियमाने पगार घेणारा बडा खेळाडू आपल्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग कर आणि विम्यापोटी देतो. तेव्हा रागाचा रोख पगारावर ठेवायचा की पगाराला 'कर्ज' किंवा 'प्रतिमेचा हक्क' असे नाव देऊन तो लपवणाऱ्यांवर, हे ठरवले पाहिजे. गॅलरीतला माणूस येथे अर्धाच बरोबर आहे.

पण त्याच आठवड्यात तो पूर्ण बरोबर ठरला. लिव्हरपूल क्लबने आदल्या आर्थिक वर्षात करपूर्व ४ कोटी २० लाख पौंड नफा दाखवला होता. तरीही ४ एप्रिल २०२० रोजी क्लबने मैदानाबाहेरच्या काही कर्मचाऱ्यांना सरकारी मदत योजनेत टाकले. साथीत कामगारांची नोकरी वाचावी म्हणून सरकार त्या योजनेतून पगाराचा ८० टक्के भाग देत होते. म्हणजे नफ्यातल्या क्लबच्या कर्मचाऱ्यांचा पगार करदात्याने द्यायचा. चाहते खवळले. आमच्याच कराच्या पैशावर हात मारता, असे त्यांनी स्वतःच्या लाडक्या क्लबला सुनावले आणि दोन दिवसांत क्लबला माफी मागून निर्णय फिरवावा लागला. टॉटनहॅम क्लबनेही काही दिवसांनी तेच केले. ग्लासगोतल्या अंध निष्ठेपेक्षा ही निष्ठा आम्हाला अधिक मोलाची वाटते, कारण येथे माणसाने आपल्यालाच हिशोब विचारला.

मैदानात राजकारण कोण आणतो?

मँचेस्टर युनायटेडचा कृष्णवर्णीय खेळाडू मार्कस रॅशफोर्ड लहानपणी शाळेच्या मोफत जेवणावर वाढला. जून २०२० मध्ये त्याने खासदारांना पत्र लिहून उन्हाळी सुट्टीतही गरीब मुलांना जेवणाची कुपने द्यावीत अशी मागणी केली. सरकारने आधी नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, माघार घेतली. इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांना त्याचा लाभ होणार होता. पुढच्या वर्षी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची पेनल्टी हुकली, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने खासगी संदेशात टोमणा मारला की याने राजकारणात घालवलेला वेळ खेळात घालवायला हवा होता. त्यांना नंतर माफी मागावी लागली. पेनल्टी हुकलेल्या तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडूंवर त्या रात्री वंशद्वेषाची गरळ ओकली गेली. भुकेल्या मुलासाठी जेवण मागितले तर ते राजकारण. पण मंत्र्याने खेळाडूंच्या पगारावर भाषण केले तर तो लोकहित! गोल केला तर आमचा, चुकला तर परका. हा न्याय आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

युरोपबाहेरचे एक उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ब्राझील म्हणजे फुटबॉलवेडा देश. २०१४ च्या विश्वचषकासाठी तेथील सरकारने कायदा करून आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाला, म्हणजे फिफाला, व्यापक करमाफी दिली आणि बारा मैदानांवर प्रचंड खर्च केला. जून २०१३ मध्ये साओ पावलोत बसभाडे ३ रियालवरून ३ रियाल २० सेंटाव्हो झाले आणि लोक रस्त्यावर उतरले. वाढ वीस सेंटाव्होंची होती, पण राग साठलेला होता. फिफाच्या दर्जाची मैदाने बांधता, मग त्या दर्जाची रुग्णालये आणि शाळा का नाहीत, असा सवाल फलकांवर झळकला. भाडेवाढ मागे घ्यावी लागली. ॲमेझॉनच्या जंगलातील मनाउस शहरात उभारलेल्या मैदानावर विश्वचषकाचे अवघे चार सामने झाले. आपल्या संघावर जीव टाकणारे लोकच हा प्रश्न विचारत होते. खेळावरचे प्रेम आणि हिशोबाचा आग्रह एकाच माणसात नांदू शकतात, हे ब्राझीलच्या जनतेने दाखवले.

आपली गॅलरी

आता आपल्या गॅलरीत या. आपला खेळ क्रिकेट. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा त्याला फेरारी मोटार भेट मिळाली. तिच्यावरचे सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे आयात शुल्क सरकारने माफ केले. त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि अखेर ते शुल्क मोटार कंपनीने भरले. ज्या देशात शेतकऱ्याच्या मोटारपंपाच्या थकबाकीवरून वीज तोडली जाते, त्या देशात ही माफी कोणाच्या सुचवण्यावरून निघाली, असे विचारणाऱ्याला तेव्हा देशद्रोही ठरवणारेही होते.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उदाहरण पाहा. खेळाचा प्रसार करणारी धर्मादाय संस्था म्हणून मंडळ आयकरातून सूट मागत आले आहे. आयपीएलमुळे खेळाच्या प्रसाराचा मूळ हेतू नष्ट होत नाही, असे आयकर अपीलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २०२१ मध्ये मान्य केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणे नव्याने तपासायला पाठवली, कारण माध्यमहक्कांतून येणारा पैसा व्यापारी आहे की नाही हे पाहणे आवश्यक होते. दुसरीकडे आयपीएलचे तिकीट काढणाऱ्याला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सामना भरवणारा धर्मादाय आणि सामना पाहणारा चैनखोर, असा हा हिशोब आहे. आमचा आक्षेप न्यायालयाच्या निर्णयावर नाही. कायदा जसा आहे तसा ते लावतात. आमचा प्रश्न कायदा करणाऱ्यांना आहे आणि तो विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ब्रिटनमध्ये प्रेक्षकांनी तो विचारला. एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी आपली स्वतंत्र सुपर लीग काढली, तेव्हा चाहते रस्त्यावर उतरले आणि इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत मागे फिरले. त्या रागातून चौकशी झाली, चाहत्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. मध्यंतरातल्या चहाच्या गप्पा कायद्यापर्यंत गेल्या, त्या आपोआप गेल्या नाहीत. चाहत्यांच्या संघटना होत्या, त्यांनी क्लबांचे ताळेबंद वाचले, सभांना जाऊन प्रश्न विचारले आणि खासदारांना भेटले.

आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी यातून एवढे तरी घ्यावे. चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, मैदानाच्या कडेला कोणी करावर, पेट्रोलच्या भावावर, खेळाडूंच्या कमाईवर बोलू लागला तर त्याला अडाणी समजून हसू नका. त्याचे अर्धे बरोबर आहे ते उचलून धरा आणि अर्धे चुकते आहे ते त्याच्याच उदाहरणाने त्याला दाखवा. पुढच्या वेळी महापालिका एखाद्या क्रीडासंकुलाची जागा नाममात्र भाड्याने कोणाला देईल, तेव्हा तिच्या ठरावाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि तीन गोष्टी विचारा: कर कोणी भरला, सूट कोणाला मिळाली आणि त्या मैदानावर वस्तीतल्या मुलाला चेंडू घेऊन आत जाता येते का?